कासान: चाललेल्या ओळींची पक्की झडती, न चाललेल्यांची नाही

कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, मेमरीचा कोड तपासताना पहिली अडचण हीच, की चुकीचा कोडही बहुतेक वेळा बिनबोभाट चालतो. साध्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) भलतीकडे गेला तर बऱ्याचदा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, प्रोग्रॅम पडतो, निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळतं. ६४-बिट कर्नेलमध्ये जवळजवळ सगळी रॅम एका सलग पट्ट्यात जोडलेली असते. शेजाऱ्याच्या जागेत लिहिलं तरी हटकणारं कुणी नाही. दोन दिवसांनी भलतीच फाइलसिस्टीम कोसळते आणि जिथे चोरी झालीच नाही तिथून तपास सुरू होतो.

या दुखण्यावर लिनक्समध्ये सगळ्यात कामाचं अवजार म्हणजे कर्नेल ॲड्रेस सॅनिटायझर, बोलण्यात कासान. आंद्रेई र्‍याबिनिन यांनी लिहिलेलं हे काम २०१५ मध्ये ४.० आवृत्तीबरोबर मुख्य कर्नेलमध्ये आलं. फुकट आहे, सोर्समध्येच आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. तरी परीक्षणाची गरज का? कारण ‘कासान लावून चालवलं, काही निघालं नाही’ एवढ्या एका वाक्यावर पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पुढे सरकवायची सवय सगळीकडे दिसते. त्या वाक्याला नेमकी किती किंमत द्यायची, हे अवजार आतून कसं चालतं ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. गुण द्यायचे तर पाचपैकी चार. पाचवा कुठे गेला ते ओघात येईलच.

कासानसह कर्नेल कंपाइल केलं की कंपायलर मेमरीतल्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी एक छोटी तपासणी घुसवतो. तपासणी ज्या वहीतून होते तिला शॅडो मेमरी म्हणतात. खऱ्या मेमरीच्या दर ८ बाइटांमागे या वहीत १ बाइट. त्यात ० असेल तर आठही बाइट मोकळे. १ ते ७ असेल तर पहिले तेवढेच मोकळे. यापलीकडचे ठरावीक आकडे (सोळाच्या पद्धतीत लिहिलेले) म्हणजे हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही तेही आकड्यावरूनच कळतं: केमॅलॉक या मेमरी मागायच्या फंक्शनने दिलेल्या तुकड्यापुढचा (तुकडा म्हणजेच ‘वस्तू’) निषिद्ध पट्टा एफसी, सोडून दिलेली वस्तू एफबी, पूर्ण सोडून दिलेलं पान (वाटपाचं मोठं, सहसा ४ केबीचं माप) एफएफ.

एक प्रकरण जवळून बघू. ड्रायव्हरमध्ये ११ नोंदींचं कोष्टक आहे, नोंद ४ बाइटांची, म्हणून केमॅलॉककडे ४४ बाइट मागितले. भरताना लूपच्या अटीत ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’ पडलं आणि बारावी नोंदही लिहिली गेली. आता केमॅलॉककडे ४४ चं माप नसतं, ३२ च्या पुढे थेट ६४. म्हणजे शेवटी २० बाइट सैल उरतात आणि बारावी नोंद त्या सैल जागेत निवांत बसते. सगळ्या चाचण्या हिरव्या. वर्षभराने कुणीतरी कोष्टक १६ नोंदींचं करतं. सोळा चोक चौसष्ट, सैल जागा शून्य, आणि सतरावी नोंद थेट शेजारच्या वस्तूच्या पहिल्या ४ बाइटांवर. दोष अर्थातच १६ करणाऱ्याच्या माथी.

कासानच्या वहीत त्याच ६४ बाइटांच्या तुकड्याची ओळ अशी दिसते:

०० ०० ०० ०० ०० ०४ एफसी एफसी

पहिली पाच घरं पूर्ण मोकळी, म्हणजे ४० बाइट. सहाव्या घरात पहिले चारच. बारावी नोंद ४४ ते ४७ या बाइटांवर, म्हणजे सहाव्या घराच्या उत्तरार्धात जाते. तिथे पहिल्याच फेरीत, शेजारी कुणी असो वा नसो, ती पकडली जाते. कासान आणि साधा डिबग कर्नेल यांतला फरक एवढ्या एका ओळीत आहे.

पकडल्यावर मिळणारा अहवाल लांबलचक असतो आणि नवखा माणूस तो वरून खाली वाचत बसतो. वाचायचा क्रम वेगळा. आधी मथळा: ‘स्लॅब आउट ऑफ बाउंड्स’ (वस्तूच्या हद्दीबाहेर) की ‘यूज आफ्टर फ्री’ (सोडल्यावर वापर), वाचताना की लिहिताना, किती बाइट. मग थेट खाली उतरून ‘बगी ॲड्रेस’वालं वाक्य बघायचं. ४४ बाइटांच्या वस्तूच्या उजवीकडे ० बाइटांवर, असं लिहिलेलं असेल तर डोळे मिटून सांगता येतं की हिशेब एकाने चुकलाय. उजवीकडे काहीशे बाइट असेल तर इंडेक्स बाहेरून आलाय आणि तपासलाच नाही, किंवा टाइपच चुकीचा धरलाय. त्यानंतर ‘अलोकेटेड बाय’ आणि ‘फ्रीड बाय’ या दोन कॉल-साखळ्या (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याचा माग), म्हणजे वस्तू कुणी घेतली आणि कुणी सोडली. घुसखोरी करणाऱ्या फंक्शनची साखळी सगळ्यात शेवटी वाचायची, कारण ‘यूज आफ्टर फ्री’मध्ये ते फंक्शन बऱ्याचदा निर्दोष असतं. त्याच्या हातात मेलेला पॉइंटर देणारा खरा आरोपी. आरसीयू किंवा वर्कक्यू या नंतर काम करणाऱ्या यंत्रणांनी काम पुढे ढकललेलं असेल तर ते ढकललं कुठून, तीही साखळी अहवालात येते. या एका सोयीमुळे कित्येक तास वाचतात.

साखळीतले पत्ते तसेच वाचू नयेत. सोर्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरात डीकोड-स्टॅकट्रेस नावाची स्क्रिप्ट आहे. तिला त्याच बिल्डची व्हीएमलिनक्स फाइल (कंपाइल झालेलं कर्नेल) दिली की फाइल आणि ओळ क्रमांक मिळतो. डिबग इन्फो चालू ठेवलेला नसेल तर मिळत नाही, आणि दुसऱ्या बिल्डची फाइल दिली तर ओळी बेमालूम चुकतात, जे न मिळण्याहून वाईट.

सोडलेल्या वस्तूंसाठी कासानकडे क्वारंटाइन आहे. केफ्री केलेली वस्तू लगेच पुन्हा वाटपाला जात नाही, रांगेत पडून राहते. तोवर तिला कुणी हात लावला तर एफबी दिसतो आणि बोंब होते. या रांगेला मर्यादा आहे: एकूण रॅमचा साधारण बत्तिसावा भाग. ४ जीबीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये १२८ एमबीच्या आसपास. चाचणी जड असेल, दर सेकंदाला शेकडो एमबीची घे-सोड होत असेल, तर वस्तू रांगेतून लवकर बाहेर पडते, दुसऱ्याला मिळते, आणि जुन्या पॉइंटरने केलेला वापर वहीत कायदेशीर दिसतो. म्हणून जुन्या पॉइंटरचा संशय असेल तेव्हा मशीनला रॅम जास्त द्यावी आणि बाजूचा भार कमी ठेवावा. भार वाढवला की बग लवकर सापडतो, हा समज इथे उलटा पडतो.

दुसरं म्हणजे हे क्वारंटाइन स्लॅबच्या, म्हणजे केमॅलॉकमागच्या छोट्या वस्तू वाटणाऱ्या थराच्या, वस्तूंपुरतं आहे. थेट पान-वाटपातून घेतलेली पानं सोडली की एफएफ लागतो खरा, पण ते पान पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणाला जाऊ शकतं. आणि ४ केबी पानांच्या मशीनवर केमॅलॉककडे ८ केबीपेक्षा जास्त मागितलं तर ती मागणी स्लॅबकडे न जाता पान-वाटपाकडे जाते. त्यामुळे मोठे बफर पडद्याआडून याच कमकुवत बाजूला येतात.

बिल किती येतं? शॅडोची वही रॅमच्या आठव्या भागाची. ४ जीबीत ५१२ एमबी तिथेच गेले. त्यावर क्वारंटाइन, प्रत्येक वस्तूभोवतीचे निषिद्ध पट्टे, आणि कॉल-साखळ्या साठवायचं कोठार. वेग ढोबळमानाने तिपटीने खाली येतो. २ जीबीच्या मशीनवर हे चालवायला गेलं तर मधेच रॅम संपते आणि ओओएम किलरच चाचणीचे प्रोसेस मारत सुटतो, मग अहवालापेक्षा गोंगाटच जास्त. ४ जीबी आणि ४ कोअर हा किमान शिधा धरावा. तपासणीचा कोड इनलाइन घालायचा की फंक्शन-कॉलने, हा पर्याय असतो. इनलाइन दुपटीपर्यंत वेगवान, पण कर्नेलची फाइल फुगते. डिस्कवर जागा असेल तर इनलाइनच घ्यावं.

बसवायला कठीण काही नाही. मेन्यू कॉन्फिगमध्ये ‘कर्नेल हॅकिंग’, त्यात ‘मेमरी डिबगिंग’, तिथे कासान. जेनेरिक मोड, इनलाइन, आणि व्हीमॅलॉकचा (विखुरलेली पानं सलग जोडून देणारं फंक्शन) आधार हे तिन्ही चालू. सोबत लॉकडेप या कुलुपांच्या (लॉक) तपासनिसासाठी ‘प्रूव्ह लॉकिंग’, झोपू नये तिथे झोपणारा कोड पकडायला ‘डिबग ॲटॉमिक स्लीप’, आणि फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे मागण्या मुद्दाम फसवणं. त्याबद्दल पुढे सविस्तर. बूट करताना कर्नेलच्या ओळीत ‘कासान मल्टी शॉट’ द्यायला विसरू नये. तो नसेल तर पहिल्या अहवालानंतर कासान गप्प बसतं, कारण मेमरी एकदा बिघडली की पुढच्या अहवालांवर भरवसा कमी. पण बूट होतानाच कुठल्यातरी परक्या ड्रायव्हरने पहिला अहवाल खाल्ला असेल, तर पुढे रात्रभर चाललेली चाचणी स्वच्छ दिसते आणि तिला काही अर्थ नसतो. ‘काही निघालं नाही’ म्हणण्याआधी डीमेसग, म्हणजे कर्नेलचे संदेश, अगदी सुरुवातीपासून वाचावं, ते एवढ्यासाठी. शंका असेल तर कासानसोबत येणारा केयुनिट चाचणी-संच चालवावा. तो मुद्दाम चुका करतो. त्या पकडल्या गेल्या नाहीत तर बिल्डच गडबडलाय.

पाचवा गुण इथे गेला

कासान न चाललेली ओळ बघत नाही. ऐकायला हे इतकं उघड वाटतं की कुणी मनावर घेत नाही. पण मेमरीच्या कोडमध्ये चुका राहतात कुठे? मागणी फसल्यावरच्या वाटेवर: तीन गोष्टी घेतल्या, चौथी मिळाली नाही, आता उलट्या क्रमाने तिन्ही सोडायच्या. आणि ती वाट चाचणीत चालतच नाही. लिनक्समध्ये जीएफपी-कर्नेल झेंड्याने ८ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची मागणी केली तर पान-वाटप ती सहसा फसू देत नाही. मेमरी परत मिळवत, गरज पडली तर कुणाचा तरी प्रोसेस मारत, ती पुरी करायला झटतं. छोट्या मागण्यांचं अपयश प्रत्यक्षात इतकं दुर्मीळ, की त्यासाठी लिहिलेला कोड वर्षानुवर्षं एकदाही न चालता पडून असतो.

त्याला मुद्दाम चालवावं लागतं. फेलस्लॅब आणि फेल-पेज-अलॉक ही दोन यंत्रणा त्यासाठी आहेत, डिबगएफएस या डिबगिंगच्या फाइलसिस्टीममध्ये त्यांचे फोल्डर दिसतात. ‘प्रोबॅबिलिटी’मध्ये टक्केवारी. ‘टाइम्स’मध्ये किती वेळा फसवायचं, मर्यादा नको असेल तर उणे एक; मुळात तिथे १ असतो, म्हणजे एकदा फसवून यंत्रणा झोपी जाते. ‘टास्क फिल्टर’ चालू करून फक्त आपल्याच प्रोसेसवर रोख ठेवायचा, नाहीतर शेलच्याच मागण्या फसायला लागतात आणि मशीनमध्ये पुन्हा लॉगिनसुद्धा होत नाही.

यातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ‘इग्नोर जीएफपी वेट’. त्याची मूळ किंमत ‘हो’ आहे. अर्थ असा, की झोपू शकणाऱ्या मागण्यांना यंत्रणा हातच लावत नाही. जीएफपी-कर्नेल ही झोपू शकणारी मागणी. तेव्हा टक्केवारी शंभर करा नाहीतर काहीही करा, ज्या मागण्या फसवायच्या त्याच सहीसलामत सुटतात आणि सगळं हिरवं दिसतं. फेलस्लॅब आणि फेल-पेज-अलॉक, दोन्ही फोल्डरांत तिथे ‘नाही’ लिहावं लागतं. हे न करता दिलेला ‘फॉल्ट इंजेक्शनसह तपासलं’ हा शेरा कवडीमोलाचा. हा खड्डा दस्तऐवजात लिहिलेला आहे, पण तिथवर वाचतो कोण.

टक्केवारीच्या लॉटरीपेक्षा ‘फेल-एनथ’ बरा. प्रोक फाइलसिस्टीममध्ये प्रत्येक थ्रेडच्या फोल्डरात ही फाइल असते. तिच्यात १ लिहून सिस्टीम कॉल करायचा, म्हणजे पहिली मागणी फसते. मग २, मग ३. कॉलनंतर फाइल वाचून ० आला तर फसवणूक झाली. ० आला नाही तर तेवढ्या मागण्या त्या वाटेवर नाहीतच, थांबायचं. एक आयओसीटीएल (ड्रायव्हरला आज्ञा देणारा सिस्टीम कॉल) असा पहिल्या मागणीपासून शेवटच्यापर्यंत खिंडीत गाठला, वर कासान आणि खाली लीक-तपासणी, की सफाईच्या वाटेवरची दोनदा सोडलेली किंवा सोडायचीच राहिलेली वस्तू लपायला जागा उरत नाही. मात्र ‘इग्नोर जीएफपी वेट’ची अट इथेही लागू आहेच.

या मार्गाने हमखास सापडणारी एक चूक: केरीअॅलॉकचं (घेतलेल्या वस्तूचा आकार बदलणारं फंक्शन) उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेणं. मागणी फसली की केरीअॅलॉक शून्य परत देतो पण जुनी वस्तू तशीच ठेवतो. शून्याने जुना पत्ता पुसला गेला, वस्तू कायमची अनाथ. कासानच्या लेखी यात गुन्हा काहीच नाही. लीक म्हणजे नियमबाह्य हात लावणं नव्हे.

लीकसाठी केमेमलीक. २००९ मध्ये २.६.३१ मध्ये आलं, लेखक कॅटलिन मरिनास. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवून ते डेटा विभाग आणि स्टॅक चाळतं, आणि जिच्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर सापडत नाही तिला संशयित ठरवतं. चाळणी दर १० मिनिटांनी आपोआप होते. घाई असेल तर डिबगएफएसमधल्या केमेमलीक फाइलीत ‘स्कॅन’ लिहावं. एकदा लिहून काही दिसलं नाही म्हणून सोडू नये, काही सेकंद थांबून दुसऱ्यांदा लिहावं: ५ सेकंदांहून तरुण वस्तू ते मोजत नाही, आणि दोन चाळण्यांत आतला मजकूर बदललेला दिसला तरी वस्तूला पुढच्या खेपेपर्यंत सवलत देतं. चाचणीआधी ‘क्लिअर’ लिहून जुना कचरा बाजूला सारणं ही चांगली सवय.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे: थेट घेतलेली पानं आणि आयओरीमॅप (हार्डवेअरची जोडलेली जागा) ते मोजत नाही. पानांची गळती शोधायला बूटच्या ओळीत पेज-ओनर चालू करून, चाचणीआधी आणि नंतर त्याचे दोन उतारे घ्यावेत. टूल्स फोल्डरात ते साखळीनुसार जमवणारा छोटा प्रोग्रॅम आहे. ज्या साखळीची पानं प्रत्येक फेरीला वाढतात, तिथे पुट-पेज (पान सोडणारं फंक्शन) राहिलाय.

नजरेआड राहणारं

आता थोडी गैरसोयीची बाब. मेमरी व्यवस्थापनाचाच पॅच तपासत असाल तर लक्षात घ्या: त्याच्या एमएम फोल्डराच्या मेकफाइलमध्ये स्लब (वस्तू वाटणारा कोड) आणि स्लॅब-कॉमन या फाइलींसाठी कासानची तपासणी मुद्दाम बंद ठेवलेली आहे. कारण रास्त आहे. वाटप करणाऱ्या कोडला सोडलेल्या वस्तूच्या पोटात पुढच्या रिकाम्या वस्तूचा पत्ता लिहावाच लागतो. तिथे तपासणी ठेवली तर रोज खोटी बोंब. पण परिणाम असा, की पहारेकरी पूर्ण गावावर नजर ठेवतो आणि स्वतःच्या चौकीत बघत नाही. स्लबच्या आतल्या बदलांना कासानचा हिरवा शेरा जवळपास निरुपयोगी. तिथे स्लबची स्वतःची डिबग सोय घ्यावी: बूटच्या ओळीत स्लब-डिबग आणि एफ, झेड, पी, यू ही अक्षरं, अनुक्रमे सुसंगती-तपासणी, निषिद्ध पट्टे, विष (ठरावीक आकडे भरून ठेवणं) आणि घेणाऱ्या-सोडणाऱ्याची नोंद. ६.९ पासून याचं नाव स्लॅब-डिबग झालं. स्लबचे पर्याय असलेला जुना स्लॅब ६.८ मध्ये आणि स्लॉब त्याआधी ६.४ मध्ये काढून टाकल्यावर स्लब एकटाच उरलाय. मेमरीच्या उताऱ्यात ६बी ६बी ६बी अशी ओळ दिसली की ती सोडलेली किंवा घेतलेली पण न भरलेली वस्तू, आणि ५ए ५ए असेल तर वस्तूबाहेरचा भराव. हे दोन आकडे कर्नेलवाल्यांना स्वतःच्या फोन नंबरासारखे पाठ असतात.

हार्डवेअरने डीएमएतून, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत, लिहिलं तर कासान आंधळं. असेंब्लीत लिहिलेला कोडही सुटतो. ‘टाइपसेफ बाय आरसीयू’ झेंड्याच्या कॅशमध्ये सोडलेली वस्तू काही काळ वाचणं नियमातच बसतं, म्हणून तिथेही मौन. ६.१२ मध्ये त्यासाठी वेगळा स्लब-आरसीयू-डिबग पर्याय आलाय, तो चालू करावा. आणि फार कमी जणांच्या लक्षात येणारी गोष्ट: एक्स८६ वर कासान लावलं की कर्नेलचा स्टॅक १६ केबीवरून ३२ केबी होतो, कारण तपासणीमुळे प्रत्येक फंक्शन जास्त जागा खातं. त्यामुळे साध्या कर्नेलात स्टॅक फोडणारी खोल साखळी कासानच्या कर्नेलात मावूनही जाऊ शकते. एक फेरी साध्या बिल्डवर झालीच पाहिजे.

न भरलेली मेमरी वाचणं कासानला दिसत नाही. स्ट्रक्चरमधल्या सांध्याच्या रिकाम्या बाइटांतून कर्नेलची माहिती युजरकडे गळते, तीही नाही. त्यासाठी केएमसान आहे, ६.१ पासून, क्लँग कंपायलरनेच बांधावं लागतं. दोन थ्रेडांची कुलूप न लावता चाललेली ओढाताण केसीसानच्या वाट्याला, ५.८ पासून. दोन्ही कासानबरोबर एका बिल्डमध्ये चालत नाहीत, एकमेकांबरोबरही नाहीत. तीन बिल्ड, तीन फेऱ्या. ज्यांच्याकडे एकच जुना लॅपटॉप आहे त्यांनी आधी कासान करावं.

केफेन्सला धाकटा भाऊ म्हणतात ते काही बरोबर नाही, त्याचा धंदाच वेगळा. ५.१२ मध्ये आलेलं हे अवजार चालू सर्व्हरवर ठेवण्यासाठी आहे. सगळ्या वस्तू तपासण्याऐवजी साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एक मागणी उचलून ती राखीव पानात ठेवतं, शेजारी हात लावताच फॉल्ट देणारं कुंपणाचं पान. मुळात २५५ वस्तूंची सोय, एकूण जागा २ एमबी. वेगावरचा बोजा जाणवत नाही. पण आपली ४४ बाइटांची वस्तू इथे घातली तर गंमत होते. पानाच्या उजव्या काठाला टेकवली तरी ६४ च्या मापाची सरळ रेघ पाळावी लागते, म्हणून वस्तू आणि कुंपण यांत २० बाइटांची फट राहते. फटीत ओळखीचा नमुना भरलेला असतो. बारावी नोंद त्यावर लिहिली गेली तर वस्तू सोडताना ‘मेमरी करप्शन’ म्हणून कळतं. तेच चार बाइट नुसते वाचले तर काहीच कळत नाही. एका मशीनवर दिवसभर चालवून पॅच तपासायला केफेन्स निवडणं म्हणजे जाळं टाकायच्या ऐवजी गळ टाकून बसणं. हजार मशीनवर महिनाभर ठेवा, मग बोलू.

एआरएम ६४ वर कासानचे टॅगवाले दोन मोडही आहेत. सॉफ्टवेअर टॅग ५.० पासून, हार्डवेअर टॅग ५.११ पासून. हार्डवेअरवाल्याला प्रोसेसरमध्ये एमटीई लागतं. दर १६ बाइटांना ४ बिटांचा रंग आणि पॉइंटरवरही तोच रंग. रंग जुळला नाही की फॉल्ट. वही वेगळी नाही, वेगही फारसा जात नाही, म्हणून जाहिरात छान वाटते. पण पुन्हा तेच ४४ बाइट घ्या: १६ च्या पटीत ४८. बारावी नोंद ४७ व्या बाइटावर संपते, म्हणजे शेवटच्या रंगीत तुकड्याच्या आतच. कुठलाही टॅगवाला मोड ती पकडणार नाही. जेनेरिक मोडला ८ बाइटांच्या आतलं ४ पर्यंत दिसतं. विकासाच्या टेबलावर जेनेरिकला अजून पर्याय नाही, तो या कारणाने.

आणि काही चुका अशा, की मेमरीला चुकीचा हात लागतच नाही. डर्टी काउ हा सुरक्षा-दोष, सीव्हीई-२०१६-५१९५, हे त्याचं नमुनेदार प्रकरण. २००७ च्या २.६.२२ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते एमएमच्या कोडमध्ये होतं. लिहिण्यासाठी पानाची प्रत केली, पण मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने मॅडव्हाइज या सिस्टीम कॉलने ती प्रत फेकून दिली, आणि ‘लिहायचंय’ ही खूण आधीच उतरवलेली असल्यामुळे दुसऱ्या खेपेला मूळ, फक्त-वाचनीय फाइलीचंच पान हाती आलं. प्रत्येक पत्ता वैध, प्रत्येक पान जिवंत. कासान इथे वर्षभर चालवलं तरी तोंडातून शब्द निघणार नाही. दुरुस्तीत खूण उतरवायच्या ऐवजी ‘प्रत झाली’ अशी वेगळी खूण ठेवली आणि पानाचा टेबलातला डर्टी बिट (पानावर लिहिलं गेल्याची खूण) खरंच तसं सांगतो का ते बघितलं.

असल्या जागा कागद-पेन घेऊन वाचाव्या लागतात. वाचताना रोख कशावर ठेवायचा? कुलूप सोडून पुन्हा घेतलं असेल, तर मधल्या काळात काय बदललं असू शकतं ते पुन्हा बघितलंय का. पानाचा संदर्भ वाढवणाऱ्या प्रत्येक ओळीला, अपयशाच्या प्रत्येक वाटेवर, तो कमी करणारी ओळ आहे का. युजरची पानं डीएमएसाठी धरली असतील तर गेट-युजर-पेजेस वापरलंय की ५.६ पासून असलेलं पिन-युजर-पेजेस, आणि सोडताना त्याचंच जोडीदार अनपिन आहे की सवयीने पुट-पेज लिहिलंय. फाइलसिस्टीमच्या आत कुलूप धरून जीएफपी-कर्नेल मागितलं असेल तर मेमरी परत मिळवताना तेच कुलूप पुन्हा लागेल का. यातलं शेवटचं लॉकडेप पकडतं, पण ती वाट एकदा चालली तरच. संख्या गुणिले आकार असा उघडा गुणाकार केमॅलॉकमध्ये दिसला की तिथेच बोट ठेवून केमॅलॉक-ॲरे किंवा स्ट्रक्ट-साइझ मागावं. गुणाकार ओसंडला तर कासानला फक्त पुढची पडझड दिसते, आणि तीही कुणी तेवढा मोठा आकडा पाठवला तरच. केव्हीमॅलॉकने घेतलेलं केफ्रीने सोडलंय का हेही बघावं: छोट्या मागणीला ते चालून जातं, कारण केव्हीमॅलॉक आधी केमॅलॉकच करून बघतो. मेमरीचे तुकडे झालेल्या, महिनाभर चालू असलेल्या मशीनवर तीच मागणी व्हीमॅलॉककडे जाते आणि केफ्री तिथे आपटतो. नुकत्याच बूट केलेल्या ४ जीबीच्या चाचणी-मशीनवर हे सहसा घडत नाही.